रोग दिसण्याआधी

सफरचंदाच्या बागेत रोग डोळ्यांना दिसतो, तोवर त्याला आवरण्याची सर्वांत चांगली वेळ बहुधा निघून गेलेली असते. जुलैत फळावर उमटलेला काळा, खरखरीत डाग एप्रिलमधल्या एखाद्या पावसात पडलेला असतो. त्या पावसात उडालेले बीजाणू त्याआधीच्या शरद ऋतूत गळून पडलेल्या पानांमध्ये हिवाळाभर घडत असतात. ऑगस्टमध्ये पेट्या भरताना फळांवर बारीक लाल कडी दिसतात, ती ज्या खवले किडीमुळे उमटतात ती जानेवारीत फांदीच्या सालीला चिकटून बसलेली असते. म्हणून या पुस्तकाची मांडणी रोगांच्या आणि किडींच्या नावांनुसार केलेली नाही. ती बागेच्या वर्षानुसार केली आहे, आणि हे वर्ष सुरू होतं डिसेंबरात, झाडावर एकही पान नसताना.

रोगाचं नाव, शेजारी औषधाचं नाव, शेजारी प्रमाण, असे तक्ते बागायतदाराला अनेक ठिकाणी मिळतात. त्यांचा उपयोग आहेच, आणि या पुस्तकाच्या शेवटीही ते दिले आहेत. पण तक्ता फक्त काय मारायचं ते सांगतो. कीड कुठून आली, आत्ता ती कोणत्या अवस्थेत आहे, तिला खाणारं कोणी बागेत आहे का, आणि आज पंप न उचलता दोन दिवस थांबलं तर चालेल का, हे प्रश्न तक्त्यात मावत नाहीत. बागेचा खर्च, फळाची प्रत आणि फवारणाऱ्या माणसाचं आरोग्य या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. पुढची सगळी प्रकरणं याच प्रश्नांची आहेत.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजच्या बागांच्या दुखण्यांचं मूळ त्यात आहे. कुलू खोऱ्यात कॅप्टन आर. सी. ली यांनी १८७०च्या सुमारास बंद्रोल इथे इंग्लंडहून आणलेली सफरचंदाची झाडं लावली. पण हिमाचलचं अर्थकारण बदललं ते कोटगढ-ठाणेधार परिसरात. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये भारतात आलेले आणि पुढे सत्यानंद स्टोक्स या नावाने ओळखले गेलेले सॅम्युअल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतून डेलिशस जातीची रोपं आणली. गोड, लाल, टिकाऊ आणि दूरच्या बाजाराला चालणारं हे फळ होतं. काही दशकांत शिमला, कुलू, किन्नौर आणि काश्मीरच्या उतारांवर डेलिशसचं राज्य पसरलं. काश्मीरच्या अंबरीसारख्या जुन्या जाती मागे पडल्या.

सफरचंद बीपासून जसंच्या तसं येत नाही, ते कलमानेच वाढवावं लागतं. त्यामुळे डेलिशस, रॉयल डेलिशस, रिच-ए-रेड, स्टारक्रिमसन ही नावं वेगवेगळी असली तरी ही सारी कुळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका झाडापासून उतरलेली आहे. रंगात, आकारात किंवा फांद्यांच्या ठेवणीत जे फरक दिसतात, ते मूळ झाडाच्या एखाद्या फांदीत आपोआप झालेल्या बदलांतून आलेले आहेत. रोगाशी लढण्याची ताकद मात्र सगळ्यांची जवळपास सारखीच राहिली. उलट बाजूला स्कॅबची, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या काळ्या, खरखरीत डागाच्या रोगाची बुरशी आहे. ती दर हिवाळ्यात गळलेल्या पानांमध्ये नर-मादी संकर करून नवी पिढी घडवते. झाड शंभर वर्षांपूर्वी होतं तिथेच उभं आहे आणि बुरशी दरवर्षी नवी होते आहे. सफरचंदाच्या रोगव्यवस्थापनातला सगळा ताण या एका विषमतेतून येतो.

त्याचा फटका बसायला वेळ लागला नाही. काश्मीरमध्ये १९७३ साली स्कॅबची मोठी साथ आली. हिमाचलमध्ये हा रोग १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसू लागला आणि १९८३ मध्ये त्याने बागाच्या बागा झोडपल्या. डागी फळाला बाजार नव्हता. ते फळ सरकारला विकत घेऊन नष्ट करावं लागलं. ज्या कुटुंबांचं वर्षाचं उत्पन्न त्या एका पिकावर होतं, त्यांच्या घरात त्या वर्षाची आठवण अजून काढली जाते. या साथींनंतर फवारणीचं वेळापत्रक बागायतदाराच्या जगण्याचा भाग झालं. नौणीचं डॉ. यशवंत सिंह परमार विद्यापीठ, श्रीनगरजवळच्या शालिमारचं शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठ आणि दोन्हीकडची फलोत्पादन खाती यांनी ते घडवलं आणि सुधारत नेलं.

या वेळापत्रकाची खरी ताकद अशी, की ते तारखांवर बेतलेलं नाही. ते झाडाच्या अवस्थांवर बेतलेलं आहे. कळीचं टोक चंदेरी होतं ती अवस्था, मग हिरवं टोक, मग गुलाबी कळी, फुलोरा, पाकळ्यांची गळ, वाटाण्याएवढं फळ, अक्रोडाएवढं फळ, काढणीपूर्व आणि शेवटी पानगळीपूर्व. हिमाचलचा बागवानही असंच बोलतो. ‘ग्रीन टिपला तेल मारलं, पिंकला एक दिलं, पेटल फॉलची बाकी आहे,’ ही त्याची रोजची भाषा. पाच हजार फुटांवरची बाग आणि आठ हजार फुटांवरची बाग यांच्यात हिरवं टोक दिसायला कित्येक दिवसांचा फरक पडतो, म्हणून तारीख सांगून उपयोग नसतो. तरीही गावात एकाचा पंप सुरू झाला की सगळ्यांचे सुरू होतात. एकाच्या बागेला लागू पडलेली तारीख दुसऱ्याच्या बागेत आठवडाभर उशिराची ठरते आणि मग दोष औषधाला दिला जातो.

स्कॅबचं उदाहरण इथे थोडं सविस्तर घेतो, कारण ‘वेळ’ म्हणजे नेमकं काय ते त्यातून सर्वांत स्पष्ट कळतं. वसंतात पाऊस पडला की जमिनीवरच्या जुन्या पानांमधून बीजाणू हवेत उडतात, तेही मुख्यतः दिवसाउजेडी. ते कोवळ्या पानावर पडले म्हणजे लगेच रोग झाला असं नाही. पान सलग काही तास ओलं राहिलं तरच बीजाणू रुजतो आणि आत शिरतो. किती तास, ते तापमानावर ठरतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात डब्ल्यू. डी. मिल्स यांनी या दोन गोष्टींचा मेळ घालून १९४४ मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यानुसार १६ ते २४ अंश सेल्सिअसला साधारण ९ तासांचा ओलावा पुरतो, १० अंशाला १४ तास लागतात आणि ६ अंशाच्या आसपास २५ तासांहून अधिक. विल्यम मॅकहार्डी आणि डेव्हिड गॅडॉरी यांनी १९८९ मध्ये हे तास पुन्हा तपासले आणि आणखी कमी केले. म्हणजे सावध होण्याची मर्यादा अलीकडे आली.

आता समजा, एप्रिलमध्ये दुपारी ३ वाजता पाऊस आला, तापमान १० अंशांच्या घरात आहे आणि पाऊस रात्री १० वाजता थांबला. पाऊस सात तासच पडला, म्हणून बागायतदार निश्चिंत होतो. पण रात्री वारा पडलेला असतो, दरीतून धुकं चढतं आणि पानं वाळतात ती सकाळी ८ वाजता. ओलावा भरला १७ तास. संसर्ग होऊन गेलेला असतो आणि बाग मात्र सकाळच्या उन्हात स्वच्छ, हिरवीगार दिसत असते. पानाच्या मागच्या बाजूला मखमलीसारखा ऑलिव्ह रंगाचा डाग दिसायला अजून दोन-अडीच आठवडे आहेत. याच पावसानंतर वारा सुटला असता आणि पानं रात्री ११ पर्यंत वाळली असती, तर तोच पाऊस निरुपद्रवी ठरला असता. पाऊस तोच, तापमान तेच, फरक पान वाळण्याच्या वेळेचा. म्हणूनच वहीत पाऊस किती पडला याच्याबरोबर पान किती वाजता वाळलं हे लिहिणारा बागायतदार रोगाच्या एक पाऊल पुढे असतो.

या समजुतीतून औषधाची निवडही बदलते. स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर पावसाच्या आधी असेल तरच कामाचं, कारण ते बीजाणूला दाराशी अडवतं. आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा इलाज चालत नाही. संसर्गाची रात्र होऊन गेली असेल तर पहिल्या तीन-चार दिवसांत आंतरप्रवाही औषधाचा उपयोग होऊ शकतो. त्यानंतर तेही उशिराचं ठरतं. ज्याने ओलाव्याचे तास मोजले आहेत, त्याला कोणतं औषध कधी हवं हे कळतं, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे कधी नको हेही कळतं. एक फवारणी वाचली तर औषधाचे, डिझेलचे आणि मजुरीचे पैसे वाचतात. उभ्या उतारावर पाण्याचे ड्रम चढवणाऱ्यांना त्या वाचलेल्या फवारणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता वर्षाचा धावता आढावा, म्हणजे पुढची प्रकरणं कोणत्या क्रमाने येतात ते ध्यानात येईल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा छाटणीचा आणि निरीक्षणाचा काळ. कॅंकर लागलेल्या फांद्या, वाळलेली डहाळी, झाडाला लटकून राहिलेली सुकलेली फळं काढायची. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायची. याच दिवसांत दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन सालीजवळ जायला हवं. करड्या, भुरकट खवल्यांचा थर दिसला तर ती सॅन होजे खवले कीड. कळ्यांच्या बुडाशी, सालीच्या सुरकुत्यांत विटेसारख्या लाल रंगाची बारीक अंडी दिसली तर ती युरोपीय लाल कोळ्याची. या दोघांवरही स्वस्त आणि कमी घातक इलाज म्हणजे फळबागेसाठी बनवलेलं खनिज तेल. कळीचं हिरवं टोक दिसतं त्या सुमारास २ टक्क्यांनी, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला ४ लिटर, फांदी पूर्ण न्हाऊन निघेल असं फवारायचं. तेल किडीचा श्वास कोंडतं. त्यामुळे थेंब पोहोचला नाही तिथे कीड जगते, आणि इथे फवारणाऱ्याचा हात औषधाइतकाच मोलाचा ठरतो.

मार्च-एप्रिल हे स्कॅब आणि भुरीचे महिने. भुरी कळीतच हिवाळा काढते आणि फुटतानाच पांढरी येते. अशी शेंड्यांची फूट दिसताक्षणी कापून बागेबाहेर नेली तर पुढची बरीच फवारणी टळते. फुलोऱ्यात कीटकनाशकाला पूर्ण मनाई, याबद्दल तडजोड नको. डेलिशसला स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, तिला गोल्डन डेलिशस किंवा रेड गोल्डसारखा परागदाता लागतो आणि तो पराग वाहून नेणारी मधमाशीही लागते. पैसे मोजून बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या आणि त्याच आठवड्यात कीटकनाशक मारायचं, हे स्वतःच्या हाताने स्वतःचं पीक मारणं आहे.

मे-जूनच्या कोरड्या उन्हात लाल कोळी वाढतो, पानं तांबूस-करडी पडतात, फळ लहान राहतं. याच सुमारास खवले किडीची पिवळी, पायांची पिल्लं बाहेर पडून नवी जागा शोधतात. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून ठेवली तर ती पिल्लं त्यावर सापडतात आणि फवारणीचा नेमका आठवडा कळतो, कारण खवल्याखाली बसल्यावर त्यांना औषध सहसा लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाबरोबर पानांवरचे डाग येतात. मार्सोनिना आणि अल्टर्नेरिया या बुरश्यांमुळे पान पिवळं पडतं आणि वेळेआधी गळतं. फळ झाडावर आणि पान जमिनीवर, अशी बाग उभी राहते. त्या वर्षी फळाला रंग आणि आकार येत नाही, आणि पुढच्या वर्षाची कळीही अशक्त राहते, कारण ती कळी याच पानांच्या कमाईवर पोसली जाणार असते. पाणी साचणाऱ्या जागी मूळकुज आणि बुंध्याची कूज याच पावसात जोर धरतात.

काढणी संपली की बागायतदार बाजाराच्या हिशेबात गुंततो आणि वर्षातली सर्वांत स्वस्त संधी हातची जाते. पानगळ होण्याआधी झाडावर ५ टक्के युरिया, म्हणजे ड्रमला १० किलो, फवारला तर पानं गळल्यावर लवकर कुजतात आणि स्कॅबच्या बुरशीला हिवाळ्यात घर उरत नाही. गळलेली पानं गोळा करून खड्ड्यात कुजवली तर आणखी चांगलं. या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, त्याचं श्रेय कुणी देत नाही, आणि मला या पुस्तकातून एकच गोष्ट लोकांच्या सवयीची करता आली तर ती हीच असावी असं मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट आहे मित्रकीटकांची, आणि ती लोकरी माव्याच्या निमित्ताने नीट समजते. मूळचा उत्तर अमेरिकेतला हा मावा छाटणीच्या जखमांत, सालीच्या भेगांत आणि मुळांवर वस्ती करतो. कापसासारखा पांढरा पुंजका बोटाने चिरडला की बोटाला तांबडा रंग लागतो. मुळांवर आणि फांद्यांवर त्याच्यामुळे गाठी येतात. पण त्या पुंजक्याकडे भिंगातून थोडा वेळ पाहा. काही मावे पांढरे नसतात. त्यांच्या अंगावर लोकर नसते, ते काळे, फुगलेले असतात आणि काहींच्या पाठीवर सुबक गोल भोक असतं. ते ॲफेलिनस माली या टाचणीच्या डोक्याहूनही लहान गांधीलमाशीचं काम. ती माव्याच्या अंगात अंडं घालते, पिल्लू आतून मावा खातं आणि पाठ कोरून बाहेर पडतं. ही परोपजीवी माशी १९३०च्या दशकात बाहेरून भारतात आणली गेली आणि कुलूसारख्या खोऱ्यांत ती रुळली. पुंजक्यात काळे मावे भरपूर दिसत असतील, तर त्या दिवशी पंप बाजूला ठेवणं हाच इलाज आहे. तिथे कडक कीटकनाशक मारलं तर मुळांवरचा मावा वाचतो, माशी मरते आणि महिन्याभरात पांढरे पुंजके दुप्पट होऊन परततात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांना हे पटवून द्यावं लागणार नाही. २००२ पासून उसावर आलेल्या लोकरी माव्याने त्यांची झोप उडवली होती. तो मावा वेगळ्या जातीचा, पण शेवटी त्याला आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमससारख्या परभक्षी मित्रकीटकांचा होता. लाल कोळ्याचीही हीच कथा. त्याला खाणारे परभक्षी कोळी सरसकट फवारण्यांत मेले, म्हणून हिमाचलमध्ये एके काळी दुय्यम असलेली ही कीड १९९०च्या दशकात मुख्य किडींत जाऊन बसली.

औषधाला कीड दाद देत नाही, ही तक्रारही नवी नाही. सफरचंदाच्याच बागेत ती जगात सर्वांत आधी नोंदवली गेली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ए. एल. मेलँडर यांनी १९१४ मध्ये दाखवून दिलं, की काही बागांतली सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाच्या फवारणीनंतरही मोठ्या संख्येने जगते आहे. पुढे शतकभर एकेका नव्या औषधाची हीच गत झाली, आणि स्कॅबच्या बुरशीनेही अनेक बुरशीनाशकांना पचवलं. एकाच गटातलं औषध वर्षानुवर्षं, प्रमाण वाढवत मारत राहणं म्हणजे त्या औषधाला न जुमानणाऱ्या किडीची निवड आपणच करणं. म्हणून या पुस्तकातल्या तक्त्यांत औषधाच्या व्यापारी नावाऐवजी घटकाचं नाव आणि त्याचा गट दिला आहे. दुकानात दोन वेगळी नावं आणि दोन वेगळे रंग पाहून घेतलेली दोन औषधं आतून एकच असू शकतात.

जातींची आणि खुंटांची निवड हाही रोगव्यवस्थापनाचाच भाग आहे, आणि तो निर्णय एकदाच घेता येतो. लोकरी माव्याला सहसा बळी न पडणारे एमएम १०६, एमएम १११ हे खुंट इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधकांनी नॉर्दर्न स्पाय या जुन्या जातीच्या संकरातून तयार केले. पण एमएम १०६ पाणथळ जागी बुंध्याच्या कुजीला लवकर बळी पडतो. आज दाट लागवडीसाठी सगळीकडे मागणी असलेला एम ९ लवकर फळ देतो, मात्र त्याला मावा लागतो आणि आधारही लागतो. स्कॅबला प्रतिकारक जातींमध्येही एकाच जनुकावर विसंबलेल्या प्रतिकारातून बुरशीने युरोपात वाट काढल्याचं दिसलं आहे. त्यामुळे कायमचा इलाज म्हणून कोणी काही विकायला आलं, तर त्याच्याकडे सावधपणे पाहावं. रोप कुठून येतं याचीही तितकीच काळजी हवी. सफरचंदाची सुरवंट-अळी म्हणून जगभर कुप्रसिद्ध असलेली कॉडलिंग मॉथ भारतात लडाखमध्ये आहे आणि तिला तिथेच रोखण्यासाठी तिथल्या फळांच्या वाहतुकीवर वर्षानुवर्षं निर्बंध राहिले. एखाद्या उत्साही माणसाने पिशवीतून आणलेलं एक कलम अशा सगळ्या प्रयत्नांवर पाणी फिरवू शकतं.

हवामान बदलतं आहे हे डोंगरातल्या माणसाला कुणी सांगायला नको. बर्फ कमी पडतो, डेलिशसला लागणारे थंडीचे हजार-बाराशे तास खालच्या पट्ट्यांत भरत नाहीत, बागा वर सरकत आहेत. गारपिटीपासून वाचवायला जाळ्या आल्या, त्या हव्यातच, पण जाळीखाली पानं वाळायला वेळ लागू शकतो, म्हणजे ओलाव्याचा हिशेब पुन्हा करावा लागतो. जुन्या अनुभवाचं मोल कमी झालेलं नाही. मात्र त्याला आता दरवर्षीच्या नोंदीची जोड हवी.

हे पुस्तक मराठीत का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याची दोन उत्तरं आहेत. हिमाचलमधल्या बिलासपूरचे बागायतदार हरिमन शर्मा यांनी निवडलेली, कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात आणि अॅना, डोर्सेट गोल्डन यांसारख्या जाती आता महाराष्ट्रातही अनेक शेतकऱ्यांनी लावल्या आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की हिमाचलचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडे झाड नीट निजत नाही, पानगळ आपोआप पुरी होत नाही आणि जूनचा पाऊस काढणीच्या तोंडावर येतो. इथल्या रोगांचा अभ्यास इथल्या बागांतच करावा लागेल. पुस्तकातून घ्यायची ती पद्धत: अवस्था ओळखणं, ओलावा मोजणं, भिंगातून पाहणं, मित्रकीटक वाचवणं.

दुसरं उत्तर द्राक्षाचं. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष बागायतदाराला डाऊनी आणि भुरी पाठ असतात, तो पहाटेचं दव आणि पानाचा ओलावा यांवर तासन्‌तास बोलू शकतो. काढणीपूर्वी औषध किती दिवस आधी थांबवायचं आणि उर्वरित अंश किती चालतो, हे निर्यातीच्या शिस्तीतून तो शिकला आहे. त्याच्या अनुभवाला सफरचंदाच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाची जोड मिळाली तर दोन्ही पिकांचं भलं होईल. आणि ज्याची बागच नाही, वाशीच्या बाजारातून आलेलं सफरचंद जो फक्त खातो, त्या वाचकालाही या पानांत काही सापडावं. डागविरहित, आरशासारखं चकचकीत फळच हवं हा त्याचा हट्ट डोंगरावर आणखी एका फवारणीत बदलतो. सालीवरचा काजळीसारखा डाग धुवून-पुसून जाण्यासारखा असेल, तर तेवढ्यासाठी फळ नाकारू नये.

फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल वेगळं प्रकरण आहे आणि ते मुद्दाम सुरुवातीच्या प्रकरणांत ठेवलं आहे. हिमाचलच्या बागांत हे काम बरेचदा नेपाळहून आलेले मजूर करतात. तोंडाला रुमाल गुंडाळून, उघड्या हातांनी औषध कालवणारा माणूस दिसत असेल, तर त्या बागेचं व्यवस्थापन चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, फळ कितीही देखणं असो. हातमोजे, मास्क, बूट, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट आणि काम संपल्यावर अंघोळीला पाणी ही मालकाची जबाबदारी आहे. औषधाच्या खर्चातच हा खर्च धरायला हवा.

शेवटी, ही लढाई एकट्याने जिंकता येत नाही. बीजाणू बांध मोजत नाहीत. शेजारच्या सोडून दिलेल्या बागेतली कुजकी पानं तुमच्या एप्रिलचा निकाल ठरवू शकतात. म्हणून हे पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा गावाने, गटाने वाचावं. एका गावाने मिळून एक पाऊसमापक आणि एक तापमापक लावला, पान वाळल्याची वेळ रोज एकाने लिहिली आणि ती सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, तरी तिथे फवारणीचे निर्णय त्याच वर्षी बदलू लागतील. पानगळीपूर्वी सगळ्यांनी मिळून एका आठवड्यात युरिया मारला आणि पानं उचलली, तर त्याचा लाभ बांधापलीकडच्या बागेलाही मिळेल. पहिलं प्रकरण डिसेंबरचं आहे. ते डिसेंबरात, झाडाजवळ उभं राहून, हातात भिंग आणि वही घेऊन वाचावं, एवढीच विनंती.